विचारा तर खरं : दगडावरचे रंग, भिंतीवरचं चित्र

मागच्या अंकात जुन्या रंगीत पोस्टरांवर दहा-बारा ओळी लिहिल्या होत्या, म्हणजे एवढंच की १८९० च्या आसपास पॅरिसमध्ये दगडावरून छापलेले जाहिरातीचे पोस्टर लोक भिंतीवरून सोडवून घरी न्यायला लागले आणि तिथून पोस्टर कलेत मोजलं जायला लागलं. त्यावर पत्रं आली, व्हॉट्सॅपवर घरच्या जुन्या चित्रांचे फोटो आले, म्हणून या वेळचं सगळं पान त्यालाच देतोय. नावं छापत नाही, नागपुरातली वस्ती तेवढी देतो.

महालमधून एक काका लिहितात : मी चाळीस वर्षं दुकान चालवलं. जाहिरात म्हणजे जाहिरात, माल खपला की तिचं काम संपलं. नाटकाची, दारूची, दिव्याच्या तेलाची जाहिरात कला कशी काय झाली? आणि चांगल्या चित्रकाराने असल्या कामाला हात का लावावा?

काका, तुमचा प्रश्न एका वाक्यात उडवण्यासारखा नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

त्याच्या आधी भिंतीवर काय लागायचं ते बघा. काळी अक्षरं, नुसती अक्षरं, खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरं जुळवून छापलेली, आणि फार तर लाकडात कोरलेलं एखादं छोटं चित्र. मोठ्या मापाचं रंगीत चित्र हजारोंनी आणि स्वस्तात छापायची सोयच नव्हती. ती सोय लिथोने केली, आपल्या आजोबांच्या भाषेत शिळाछाप. जर्मनीतल्या बव्हेरियात आलोइस झेनेफेल्डर म्हणून एक माणूस होता, नाटकं लिहायचा, ती छापायला पैसे नव्हते म्हणून घरीच दगडावर खटपट करत बसायचा. त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की एकदा आई म्हणाली धुवायच्या कपड्यांची यादी लिहून दे, धोबीण दारात उभी, घरात कागदाचा चिटोरा नाही, तर त्याने समोरच्या घासलेल्या दगडावरच मेण, साबण आणि काजळीच्या शाईने यादी लिहून टाकली. ही १७९६ ची गोष्ट, आणि पुढची दोन वर्षं त्याच दगडामागे लागून त्याने छपाईची पूर्ण रीत बसवली. १८३७ मध्ये एंगेलमान नावाच्या फ्रेंच माणसाने रंगीत लिथोचं पेटंट घेतलं. पण त्या रंगीत लिथोचा उपयोग बहुतेक करून काय व्हायचा, तर कुणाच्या तरी तैलचित्राची हुबेहूब नक्कल काढायला, एकेका चित्राला दहा दहा, पंधरा पंधरा दगड लावून. काम अप्रतिम असायचं, पण महाग, आणि शेवटी नक्कल ती नक्कलच.

इथे ज्यूल शेरे येतो. जन्म १८३६ चा, बाप छापखान्यात खिळे जुळवणारा, घरी पैशाची ओढाताण, तेराव्या वर्षी पोरगा लिथोवाल्याकडे उमेदवारीला लागला. पुढे लंडनला काही वर्षं काढली, तिथे रिमेल नावाच्या अत्तरवाल्याची लेबलं केली, आणि त्याच अत्तरवाल्याने पाठबळ दिलं म्हणून १८६६ मध्ये पॅरिसला परत येऊन स्वतःचा छापखाना टाकला, इंग्लंडची मोठी मशीनं आणून. माझ्या मते सगळी गोम इथे आहे. चित्र काढणारा आणि छापणारा एकच माणूस. दगड काय देऊ शकतो, काय देऊ शकत नाही, हे त्याच्या बोटांना माहीत होतं. त्याने पंधरा दगडांचा नाद सोडला आणि तीन-चार दगडांत चित्र बसवलं, एक काळ्याचा, एक लालचा, आणि एक मागच्या रंगाचा ज्यात वर निळा आणि खाली उतरता उतरता पिवळा-नारिंगी होत जायचा. लालवर पिवळा चढला की नारिंगी आपोआप मिळतो, त्याला वेगळा दगड कशाला? पुढे पुढे तर त्याने काळाही काढून गडद निळा घातला, आणि चित्र असं हलकं झालं की बायका नाचताना जमिनीला पाय टेकत नाहीत असं वाटावं. हजाराच्या वर पोस्टर केले या माणसाने. १८९० मध्ये फ्रेंच सरकारने त्याला लेजन ऑफ ऑनर दिला, आणि तो छपाईच्या धंद्यात कला आणली म्हणून दिला. धंद्याच्या माणसाला हा मान मिळाला हे लक्षात घ्या.

भिंतींचंही ऐका. पॅरिसचे जुने बोळ पाडून रुंद रस्ते काढले गेले होते, रस्त्यावर पोस्टर लावायला खास गोल खांब उभे राहिले होते, आणि २९ जुलै १८८१ ला छापण्याच्या स्वातंत्र्याचा कायदा झाला, त्यात पोस्टर लावायलाही मोकळीक मिळाली, काही ठरलेल्या जागा सोडून. मनाई असलेल्या भिंतींवर त्या कायद्याची तारीख घालून रंगवलेली अक्षरं तिथे आजही दिसतात. थिएटरं, नाचघरं, नवीन दुकानं सगळी एकाच वेळी वाढत होती आणि प्रत्येकाला भिंत हवी होती.

आता एक पोस्टर जवळून बघू या, म्हणजे मी काय म्हणतोय ते पटेल. १८९१ सालचं, मुलां रूज नावाच्या नाचघराचं, काढणारा तुलूज-लोत्रेक, वय जेमतेम सत्तावीस. माणसापेक्षा उंच कागद, तीन तुकडे जोडून केलेला. वर नाचघराचं नाव तीन वेळा, एकाखाली एक, पण पहिलं मोठं अक्षर तिघांत मिळून एकच. मधोमध ला गुल्यू नावाची नाचणारी, एक पाय वर उचललेला, अंगात लाल ठिपक्यांचं झंपर आणि खाली पांढऱ्या परकराचा फुगारा. तो पांढरा कुठल्याच दगडाचा नाही हं! तो कोरा कागद आहे. आजूबाजूला रंग छापून त्याने मध्ये कागद तसाच सोडला आणि डोळ्याला तिथे परकर दिसतो. मागे बघणाऱ्यांची गर्दी आहे ती नुसती काळी सावली, उंच टोप्या आणि बायकांच्या टोपीवरची पिसं, एकाचाही चेहरा नाही. पुढे अगदी आपल्या नाकासमोर एक काटकुळा नाचणारा, जांभळट राखाडी, अर्धा कापलेला. डावीकडे पिवळे गोळे तरंगतायत ते दिवे. बस, एवढंच. लाकडी ठशांनी छापलेल्या जपानी चित्रांतून सपाट रंगाची ही रीत त्या काळच्या चित्रकारांनी उचलली होती, पण रस्त्यावर चालत्या माणसाने दहा पावलांवरून एका नजरेत वाचावं असं चित्र या गड्याने केलं. सुमारे ३००० प्रती निघाल्या. लोत्रेक रातोरात नावाला आला.

म्हणून, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. या पोस्टरचं मूळ तैलचित्र कुठल्या म्युझियममध्ये ठेवलेलं नाही ज्याची ही कॉपी आहे. आधी कच्ची रेखाटनं असतील, पण चित्र पूर्ण झालं ते दगडावर आणि कागदावर उतरताना. म्हणजे ३००० च्या ३००० प्रती अस्सल. जे रस्त्यावर पावसात भिजत होतं तेच मूळ चित्र होतं. चित्रकलेत ही गोष्ट शेरे-लोत्रेकच्या पोस्टरांआधी एवढ्या मोठ्या मापात आणि इतक्या लोकांसमोर झाली नव्हती, आणि ती जाहिरातीमुळेच झाली, कारण तीन हजार कागदांचा खर्च नाचघरवालाच करू शकत होता. माल खपवायचा होता हे खरंच आहे, पण आपल्याकडेही देवळाच्या भिंतीवर काम करणाऱ्या कारागिराला कुणीतरी पैसे देऊनच बसवलेलं असायचं ना, म्हणून ते काम कमी ठरत नाही.

चित्रकाराने हात का लावावा हे तर अजून सोपं. प्रदर्शनात जाणारे किती, आणि रस्त्याने जाणारे किती? ज्याच्याकडे तिकिटाला पैसे नाहीत तोही उभा राहून बघणार. पिएर बोनारने १८९१ मध्येच शॅम्पेनचं एक पोस्टर केलं, ते बघून लोत्रेक या कामाकडे ओढला गेला असं सांगतात. आणि अल्फॉन्स मुखा, चेक माणूस, पॅरिसमध्ये चित्रं काढून कसंबसं भागवणारा, १८९४ च्या नाताळात सगळे सुट्टीवर असताना छापखान्यात हा एकटा हाताशी होता आणि सारा बर्नहार्ट या मोठ्या नटीच्या नाटकाचं पोस्टर अचानक हवं होतं. १ जानेवारी १८९५ ला ते भिंतींवर लागलं, गिस्मोंदा नाटकाचं, दोन मीटरहून उंच आणि अरुंद, डोक्यामागे देवाच्या प्रभावळीसारखी कमान. लोकांनी चिकटवणाऱ्यांना पैसे चारून ते मिळवले, काहींनी रात्री ब्लेडने कापून नेले. बाईने त्याच्याशी सहा वर्षांचा करार केला. त्याच वर्षी शेरेने निवडक पोस्टर छोट्या मापात छापून वर्गणीदारांना महिन्याला चार पाठवायला सुरुवात केली, १९०० पर्यंत २५६ निघाले. म्हणजे काका, जाहिरातीचा माल खपो न खपो, जाहिरात स्वतःच खपायला लागली होती.

त्रिमूर्ती नगरहून अप्लाइड आर्टची एक विद्यार्थिनी : दगडात चित्र कोरायचे का? आणि तीन-चार दगडांतून एवढे रंग एकमेकांवर नेमके कसे बसायचे? कॉलेजात हे दोन ओळींत संपवलं.

नाही गं, कोरायचं काहीच नाही, तीच तर गंमत आहे. दगड वरून एकदम सपाट असतो, छापतानाही आणि छापून झाल्यावरही. शाळेतल्या पाटीला तेलकट बोट लागलं की त्या डागावर पाणी थांबत नाही, बाजूला सरकतं, हे तू लहानपणी पाहिलं असशील. सगळी लिथो त्या डागावर उभी आहे.

दगड चुनखडीचा लागतो, अगदी बारीक कणांचा, आणि सगळ्यात चांगला बव्हेरियातल्या झोल्नहोफेनचा. मोठ्या पोस्टरचा दगड शंभर-दोनशे किलोच्या घरात जाणार. आधी वाळू आणि पाणी टाकून दुसऱ्या दगडाने तो घासायचा, किती बारीक घासला त्यावर पुढे खडूचा दाणा कसा उमटेल ते ठरतं. मग मेण, साबण, चरबी, काजळी यांच्या तेलकट खडूने किंवा शाईने त्यावर चित्र काढायचं, आणि उलटं काढायचं बरं का, आरशात दिसतं तसं, अक्षरंसुद्धा. त्यावर डिंकाचं पाणी, बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक, त्यात नायट्रिक अ‍ॅसिडचे थोडे थेंब. याने काय होतं, तर जिथे खडू नाही तिथला दगड पाणी धरून ठेवायला शिकतो आणि जिथे खडू आहे तिथला तेल धरून ठेवायला. मग टर्पेंटाइनने खडूचा काळेपणा पुसून टाकायचा, चित्र जवळजवळ दिसेनासं होतं, पहिल्यांदा बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण ते दगडात मुरलेलं असतं. ओला स्पंज फिरवायचा, रोलरने शाई द्यायची, शाई तेलकट असल्यामुळे ओल्या जागेवर बसत नाही, फक्त चित्रावर बसते. कागद ठेवायचा, दाब द्यायचा. प्रत्येक कागदाला परत पाणी, परत शाई.

रंगांसाठी प्रत्येकी वेगळा दगड. आधी बाह्यरेषेचं चित्र काढायचं, त्याची फिकी छाप बाकीच्या दगडांवर उतरवून घ्यायची, म्हणजे लालवाल्या दगडावर काम करताना हात कुठे थांबवायचा हे कळतं. कडेला छोट्या फुल्या काढलेल्या असतात, प्रत्येक रंगाच्या वेळी कागद त्या फुल्यांवर बसवायचा. हे जरा चुकलं की आपल्या प्रेसवाल्यांच्या भाषेत रजिस्टर आऊट, मग ओठांचा लाल गालावर येतो. आणि कागद ओलसर झाला की वाढतो, उन्हात आखडतो, म्हणजे सकाळी छापलेल्या लालवर दुपारी निळा बसेलच असं नाही. पाच रंगांचं पोस्टर म्हणजे तोच कागद पाच वेळा मशीनवर, मध्ये वाळवणं. हे सगळं धरून ३००० प्रती काढणाऱ्या कारागिरांची नावं कुठे छापलेली नसतात, मला ते नेहमी खटकतं.

तुला करून बघायचंच असेल तर लोत्रेकची एक युक्ती सांगतो, टूथब्रश शाईत बुडवून तो दगडावर शिंतोडे उडवायचा, त्याने सपाट रंगाच्या मध्ये धूळ उडाल्यासारखा पोत यायचा. कागदावर हे तू आज रात्री करू शकतेस. आणि एक, तुमच्या घरच्या लग्नाच्या पत्रिका ज्या ऑफसेटवर छापल्या जातात ते याच दगडाचं नातवंड. दगडाच्या जागी पातळ धातूची प्लेट, मध्ये रबराचं ब्लँकेट, पण पाणी आणि तेलाचं भांडण तेच. रबरामुळे चित्र दोनदा उलटतं, म्हणून ऑफसेटच्या प्लेटवर ते सुलटं असतं. एखाद्या ओळखीच्या प्रेसवर जाऊन मशीन चालू असताना पाणी कुठून सुटतं तेवढं बघून ये. छापून झालं की लिथोचा दगड परत घासून दुसऱ्या चित्राला वापरायचे, म्हणून एवढे हजारो पोस्टर निघूनही त्यांचे मूळ दगड फारसे उरलेले नाहीत.

इतवारीतून एक ताई : आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर लक्ष्मीचं चित्र निघालं, खाली इंग्रजीत रवी वर्मा प्रेस असं आहे. एक जण मोठी किंमत द्यायला तयार आहे, आमचे जावई म्हणतात अशा ऑफसेटच्या कॉप्या गल्लोगल्ली मिळतात. ओळखायचं कसं? आणि तुमच्याच हिशेबाने ही तर तैलचित्राची नक्कल, मग हिला कला म्हणायचं की नाही?

ताई, तुम्ही सराफा ओळीपासून दोन पावलांवर राहता, कुणाकडून तरी हिरे बघायचं दहापट मोठं दिसणारं भिंग तासाभरासाठी मागून आणा. चित्र खिडकीपाशी ठेवा आणि लक्ष्मीचा गाल बघा. ऑफसेट असेल तर चार रंगांचे एकसारखे गोल ठिपके दिसतील, रांगेत, मध्ये मध्ये छोट्या फुलासारखी नक्षी झालेली. लिथो असेल तर ठिपके वेडेवाकडे, कुठे दाट कुठे विरळ, कुठे खडूचा दाणा, आणि रंग चारपेक्षा जास्त, गुलाबीचेच दोन-तीन वेगळे थर.

मी हे पहिल्यांदा केलं ते आजीच्या देवघरातल्या सरस्वतीवर. वर्षानुवर्षं उदबत्तीच्या धुराने चित्र तपकिरी पडलेलं, मला वाटायचं यात आता काय बघायचं. भिंग लावलं आणि हनुवटीखालच्या सावलीत शेकडो ठिपके दिसले, एकही दुसऱ्यासारखा नाही, कुणीतरी बसून एकेक करून टोचलेले. निळ्या काठाचा रंग रेषेच्या दोन केस बाहेर सरकलेला होता, म्हणजे त्या दिवशी मशीनवर कागद जरा हलला होता. मला त्या सरकलेल्या काठामुळे तो छापखाना पहिल्यांदा खरा वाटला.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत खालच्या कोपऱ्यात रंगाची तशीच कड डोकावतेय आणि कागदावर कापडासारखा उठाव आणि वार्निशची चमक दिसते, या दोन्ही गोष्टी त्या काळच्या ओलिओग्राफला, म्हणजे तैलचित्राच्या रंगीत लिथो-नकलेला, असायच्या, तैलचित्रासारखं दिसावं म्हणून मुद्दाम केलेल्या. पण फोटोवरून मी शिक्का मारणार नाही, भिंग तुमच्या हातात आहे. नुसत्या खालच्या नावावर मात्र जाऊ नका, नावासकट फोटो काढून परत छापलेल्या प्रती बाजारात भरपूर आहेत. आणि किंमत सांगणाऱ्याला लगेच हो म्हणू नका, दुसऱ्या एखाद्या जाणकाराला दाखवल्याशिवाय चित्र घराबाहेर काढू नका.

नकलेचं म्हणाल तर हा प्रश्न मला आवडला, कारण मीही यावर बराच अडलो होतो. रवी वर्मांना त्रावणकोर आणि बडोद्याचे दिवाण राहिलेल्या टी. माधवरावांनी सुचवलं होतं की तुमच्या चित्रांना एवढी मागणी आहे, ती पुरी करायला एकटा हात पुरणार नाही, त्यांचे ओलिओग्राफ काढा. १८९४ मध्ये मुंबईत प्रेस सुरू झाला, जर्मनीहून मशीनं आणि कारागीर आणले, मग प्लेगच्या वर्षांनंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, पुढे त्यातलेच जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायखर यांनी तो विकत घेतला, आणि १९७२ मध्ये तिथे आग लागून खूप काही गेलं. दगडावर चित्र उतरवायचं काम रवी वर्मांचं नव्हतं, हे कारागीर तैलचित्र समोर ठेवून नुसत्या नजरेने ठरवायचे की या गालात पिवळा किती, गुलाबी किती, निळसर किती, आणि प्रत्येक रंगाचे ठिपके त्या त्या दगडावर टोचायचे. मी याला कला म्हणतो, लोत्रेकसारखी नाही, वेगळी. तिथे चित्रकाराचा हात होता, इथे नाव नसलेल्या माणसाचा हात आहे. आणि या चित्रांनी एक फार मोठं काम केलं, ज्याला देवळात आत जाऊ दिलं जात नव्हतं त्याच्याही घरात देवाचं चित्र लागलं. आपल्याकडे त्याच्याही आधी, १८७८ मध्ये, विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने पुण्यात चित्रशाळा निघाली होती, तिथून देवांची आणि पेशवाईतल्या माणसांची रंगीत चित्रं घरोघर गेली. आणि रंग नसलेली लिथो तर कित्येक घरांत आहे, लाल कापडात गुंडाळलेली शिळाछाप पोथी माळ्यावर असेल तर काढा, हाताने लिहिल्यासारखं जे अक्षर दिसतं ते खरंच कुणीतरी हाताने लिहून दगडावर उतरवलेलं असतं.

काटोल रोडवरून एक तरुण वाचक : आपल्याकडे पॅरिससारखं कुणी रस्त्यावरच्या पोस्टरमध्ये जीव ओतला का?

ओतला ना भाऊ, आणि त्यात मराठी माणसं पुढे होती. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळायच्या आधी छपाईतले माणूस, रवी वर्मा प्रेससाठी काम केलेले, आणि १९०९ मध्ये रंगीत छपाईचं शिकायला-बघायला थेट जर्मनीला जाऊन आलेले. तिथून चार वर्षांत राजा हरिश्चंद्र. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर तर नावातच पेंटर, नाटकांचे पडदे रंगवणारा हा माणूस स्वतःच्या सिनेमांचे पोस्टर स्वतः काढायचा, १९२४ च्या कल्याण खजिनाचं पोस्टर हे आपल्याकडच्या टिकून राहिलेल्या सगळ्यात जुन्या सिनेपोस्टरांपैकी मानतात. पुढे एस. एम. पंडित, रघुवीर मुळगावकर, त्यांची कॅलेंडरं आणि पोस्टर आपल्या आई-वडिलांच्या पिढीने भिंतीवर खिळा ठोकून लावली. फरक एवढाच की पॅरिसमध्ये पोस्टर गोळा करणारे, विकणारे, त्यावर लिहिणारे त्याच दहा वर्षांत उभे राहिले, आणि आपल्याकडे सिनेमा उतरला की त्यावर दुसरं चिकटवलं. सीताबर्डीवर पूर्वी भिंतीचा जाड पापुद्रा निघालेला दिसायचा, एकावर एक चिकटवलेल्या पोस्टरांचा, बोटभर जाडीचा. मी लहानपणी त्याचा एक तुकडा तोडून घरी नेला होता, आत एका नटीचा डोळा आणि त्याखाली कुठल्यातरी आधीच्या सिनेमाचं हिरवं आभाळ होतं. तो तुकडा सांभाळून ठेवला नाही याची हळहळ अजून आहे.

सदरमधून एक वाचक : जुनं लिथोचं चित्र आहे, कडा तुटतायत. लॅमिनेट करून टाकू का? आणि नागपूरच्या उन्हात टिकेल का?

लॅमिनेट अजिबात नको, हात जोडून सांगतो. गरम प्लास्टिक एकदा चिकटलं की ते परत निघत नाही, निघालं तर रंग घेऊन निघतं. माझ्याकडचं एक चांगलं चित्र एका फ्रेमवाल्याने न विचारता पांढऱ्या गोंदाने प्लायवर चिकटवून दिलं, दोन पावसाळ्यांत प्लायचे तपकिरी डाग चेहऱ्यापर्यंत आले, आता ते काढायचं म्हटलं तर चित्रच फाटेल. म्हणून फ्रेमला देताना तिथे उभं राहून सांगा, मागे प्लाय किंवा साधा पुठ्ठा नको, अ‍ॅसिड-फ्री बोर्ड घाला, कुठेही गोंद लावू नका, सेलोटेप तर नकोच, आणि काच चित्राला टेकायला नको, मध्ये माउंटची फट हवी.

उन्हाचं म्हणाल तर मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो त्यापेक्षा मला आपल्या कूलरची जास्त भीती वाटते. दुपारभर खसच्या ताट्यांतून ओली हवा, रात्री कूलर बंद, परत कोरडं, कागद रोज फुगतो आणि आखडतो, त्यातून सुरकुत्या पडतात आणि पावसाळ्यात बुरशी धरते. म्हणून कूलरच्या समोरची भिंत नको, पश्चिमेची तापणारी भिंत नको, बाहेरच्या बाजूने पाऊस मारतो ती भिंत नको. घराच्या आतली, सावलीतली भिंत बघा. ओल्या फडक्याने पुसू नका, मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा. आणि चित्र गुंडाळी करून ठेवलेलं असेल तर ओढून सरळ करू नका, पावसाळ्यातल्या दमट दिवशी खोलीत तसंच उघडं ठेवा, चार-पाच तासांत कागद स्वतःहून सैल पडतो, मग दोन स्वच्छ कोऱ्या कागदांमध्ये घालून वर जड पुस्तकं ठेवा, आठ दिवस हात लावू नका.

पुढच्या अंकासाठी अजून कुणाकडे शिळाछाप पोथ्या किंवा कापडाच्या ताग्यांवरची जुनी रंगीत लेबलं असतील तर फोटो पाठवा, उजेडात, फ्लॅश न मारता, आणि एक फोटो अगदी जवळून, ठिपके दिसतील असा.